डिस्क गेली असे ठरवण्याआधी केबल तपासा: साठवणुकीची साधने संगणकाला जोडण्याची पद्धत

तुळशीचे लग्न उरकले, लग्नसराई सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात खानापूरकडचे ओळखीचे एक छायाचित्रकार बेळगावात शहापुरातल्या माझ्या खोलीवर आले. त्यांनी रुमालात गुंडाळलेली दोन टेराबाइटची हार्ड डिस्क टेबलावर ठेवली आणि ते म्हणाले, “गेली ही. चार लग्नं आहेत हिच्यात. बघा काय निघतंय का.” डिस्क जोडली की दिवा लागत होता, आतून दोनतीनदा ‘टक् टक्’ असा आवाज येत होता आणि संगणकावर मात्र काहीच दिसत नव्हते. सोबत आणलेली केबल दीड मीटर लांब, बारीक आणि दुसऱ्याच कुठल्या तरी उपकरणाची होती. घरी ती कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात लावलेली असायची. मी माझ्याकडची वीतभर लांबीची जाड केबल घेतली, मदरबोर्डाच्या मागच्या निळ्या पोर्टात लावली आणि चारही लग्नांचे फोल्डर पडद्यावर उघडले.

त्या आवाजाचे कारण साधे होते. अडीच इंची हार्ड डिस्क चालते पाच व्होल्टवर, परंतु तिची तबकडी फिरायला लागते त्या क्षणी तिला सर्वांत जास्त, जवळजवळ एक अँपिअरपर्यंत, प्रवाह लागतो. यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देते आणि यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर. त्यातून केबल लांब आणि तार बारीक असेल, तर वाटेतच व्होल्टेज पडते. मग डिस्क फिरू पाहते, वीज अपुरी पडते, डिस्क थांबते आणि पुन्हा प्रयत्न करते. हा आवाज खराब झालेल्या डिस्कच्या आवाजासारखाच वाटतो, म्हणून चांगल्या डिस्कही ‘मेलेल्या’ ठरतात. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडून माझ्याकडे येणाऱ्या डिस्कमध्ये खरोखरच गेलेल्या डिस्क असतातच, पण निदान करण्याचा क्रम असाच ठेवावा: आधी केबल, मग पोर्ट, मग वीज आणि सर्वांत शेवटी डिस्क.

कोणतीही केबल हातात घेतली की चार गोष्टी स्वतंत्रपणे पाहायच्या असतात. तोंडाचा आकार जुळतो का, त्या आकाराच्या आत दोन्ही बाजू एकाच पद्धतीने बोलतात का, वीज कोठून आणि किती मिळणार आहे, आणि लांबी मर्यादेत आहे का. बहुतेक घोटाळे पहिल्या गोष्टीवर समाधान मानल्यामुळे होतात. तोंड बसले म्हणजे जोडणी झाली, असे अजिबात नाही.

कॅबिनेटच्या आत: साटा

डेस्कटॉप संगणकातील हार्ड डिस्क आणि अडीच इंची एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क) यांच्यासाठी २००३ पासून प्रचारात आलेली साटा हीच नेहमीची जोडणी आहे. तिच्यासाठी दोन वेगळ्या केबली लागतात. सात पिनांची अरुंद केबल माहितीसाठी असते, तर पंधरा पिनांची रुंद केबल एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, वीज आणते. दोन्हींचे तोंड इंग्रजी एल अक्षरासारखे असल्याने ती उलटी बसत नाहीत. तरीही घाईत जोर लावून आतली प्लॅस्टिकची जीभ मोडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ती जीभ मोडली की दुरुस्ती अवघड होऊन बसते. केबल घालताना डिस्कवरच्या एलचा आडवा भाग कोणत्या बाजूला आहे ते टॉर्चने पाहावे, केबल सरळ रेषेत ढकलावी आणि क्लिप असेल तर ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत ढकलावी. काढताना क्लिप दाबून मग ओढावी. तारेला धरून कधीही ओढू नये.

साटाच्या तीन पिढ्या आहेत आणि त्यांचे वेग सेकंदाला १.५, ३ आणि ६ गिगाबिट आहेत. ही संख्या बिटमध्ये असते, तर आपण फाइली मोजतो बाइटमध्ये. त्यातच साटा दर आठ बिटांमागे दहा बिट पाठवते, म्हणून सहा गिगाबिटचे प्रत्यक्षात सेकंदाला ६०० मेगाबाइट होतात. नव्या पिढीची डिस्क जुन्या पोर्टवर चालते, फक्त वेग जुन्या पोर्टाचा मिळतो. साध्या फिरत्या हार्ड डिस्कला यातला दुसरा वेगही पुरून उरतो, त्यामुळे जुन्या संगणकात हार्ड डिस्क घालणाऱ्याने याची चिंता करू नये. एसएसडी घालणाऱ्याने मात्र मदरबोर्डावर ६ गिगाबिटचे पोर्ट कोणते आहे ते पाहून तेच वापरावे. माहितीची केबल एक मीटरपेक्षा लांब नसावी आणि तिला काटकोनात घडी घालू नये.

विजेच्या बाजूला दोन गोष्टी जपायच्या असतात. एसएमपीएसला साटाची पुरेशी तोंडे नसतील, तर चार जाड पिनांच्या जुन्या मोलेक्स तोंडाला लावायचा कन्व्हर्टर मिळतो. त्यात पिवळी तार १२ व्होल्टची, लाल तार ५ व्होल्टची आणि दोन काळ्या तारा अर्थच्या असतात. हा कन्व्हर्टर घेताना साटाचे तोंड नीट पाहावे. तारा वितळवलेल्या प्लॅस्टिकमध्ये गाडलेले ओतीव तोंड स्वस्त असते, पण आतल्या तारा सरकून एकमेकींना टेकल्याने अशी तोंडे पेटल्याचे प्रकार घडलेले आहेत. तारा एकेक करून पिनांवर दाबून बसवलेल्या स्पष्ट दिसतात आणि मागे झाकण असते, असे तोंड घ्यावे.

दुसरी गोष्ट जरा चकवणारी आहे. बाहेरच्या मोठ्या डिस्कचे कवच फोडून आतली साडेतीन इंची डिस्क कॅबिनेटमध्ये घातली, की कधीकधी ती फिरतच नाही. नव्या साटा नियमात तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले तर डिस्कने बंद राहायचे असते, आणि जुन्या पद्धतीचे एसएमपीएस त्या पिनवर ३.३ व्होल्ट सतत देत असतात. अशा वेळी वर सांगितलेला मोलेक्सचा कन्व्हर्टरच उपयोगी पडतो, कारण त्यात ३.३ व्होल्टची तारच नसते.

जुन्या बाजारात स्वस्त दिसणाऱ्या सॅस डिस्कबद्दल एकच वाक्य पुरे आहे: त्या सर्व्हरसाठीच्या असतात, साटा पोर्टावर त्या चालत नाहीत, आणि त्यांच्या तोंडात साटाच्या दोन भागांमधली मोकळी जागा भरलेली असते, यावरून त्या ओळखाव्यात.

आयडीईची जुनी पट्टी

सीमाभागातल्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत वीस-वीस वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका, अहवाल आणि जत्रेचे फलक साटाच्या आधीच्या जुन्या आयडीई जोडणीच्या डिस्कवर अडकून पडले आहेत, म्हणून तिच्याबद्दल थोडे सांगतो. रुंद पट्टीसारख्या या केबलच्या एका कडेला लाल रेघ असते. ती रेघ पहिल्या पिनच्या बाजूला, म्हणजे बहुतेक डिस्कवर विजेच्या तोंडाच्या बाजूला, यायला हवी. ८० तारांच्या केबलचे निळे टोक मदरबोर्डाला, काळे टोक मास्टर (पहिल्या) डिस्कला आणि मधले करडे टोक स्लेव्ह (दुसऱ्या) डिस्कला लावतात. ही केबल ४६ सेंटिमीटरपेक्षा लांब नसावी. डिस्कच्या मागचा छोटा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, मास्टरवर ठेवावा. आता नव्या मदरबोर्डावर हे पोर्ट नसते, त्यामुळे आयडीई आणि साटा दोन्ही चालवणारा यूएसबी कन्व्हर्टर स्वतंत्र १२ व्होल्टच्या अडॅप्टरसह घेणे सोयीचे ठरते. जोडताना आधी पट्टी, मग विजेचे तोंड, मग अडॅप्टर आणि शेवटी यूएसबी असा क्रम ठेवावा. डिस्क दिसली की पहिल्याच बैठकीत सगळे उतरवून घ्यावे, कारण इतकी जुनी डिस्क दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरेलच याचा भरवसा नसतो.

एम डॉट टू: आकार एक, भाषा दोन

चुकीची खरेदी सर्वांत जास्त होते ती येथे. च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या या एसएसडीला केबल लागत नाही, ती थेट मदरबोर्डावर बसते. तिच्यावर २२८० असे लिहिलेले असले तर ती २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते. २२४२ म्हणजे ४२ मिलिमीटर लांब. लॅपटॉपमध्ये स्क्रूची जागा कोणत्या लांबीवर आहे ते पाहूनच माप ठरवावे.

खरा प्रश्न आतल्या भाषेचा आहे. तोच आकार साटा पद्धतीनेही बोलतो आणि पीसीआयई या मदरबोर्डावरच्या वेगवान वाटेने जाणाऱ्या एनव्हीएमई पद्धतीनेही. साटाचा कमाल वेग ६०० मेगाबाइटच राहतो, तर चार लेनांवर (समांतर मार्गांवर) चालणारी एनव्हीएमई पीसीआयई ३.० पिढीत साडेतीन हजार मेगाबाइटच्या आसपास जाते आणि ४.० पिढीत सात हजारांच्या आसपास. सोनेरी पिनांच्या पट्टीत दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा असते आणि उजवीकडे एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई असते. मात्र ‘बहुधा’ या शब्दावर पैसे लावू नयेत. एसएसडीवरचे लेबल आणि मदरबोर्डाची पुस्तिका ही दोन्ही वाचावीत. त्या पुस्तिकेत आणखी एक ओळ लपलेली असते: अमुक स्लॉटात (एसएसडी बसवायच्या जागेत) एसएसडी बसवली की तमुक क्रमांकाचे साटा पोर्ट बंद होते. नवी एसएसडी बसवल्यावर जुनी हार्ड डिस्क अचानक नाहीशी झाली म्हणून घाबरून आलेल्या माणसाची डिस्क मी निव्वळ शेजारच्या पोर्टात लावून परत दाखवली आहे, आणि त्याबद्दल मजुरी मागायलाही संकोच वाटला होता.

बसवण्याची कृती अशी आहे. संगणक बंद करून विजेची तार काढावी आणि लॅपटॉप असेल तर आतल्या बॅटरीचे तोंड सोडवावे. मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यावी. एसएसडी कडेने धरून सुमारे तीस अंशाच्या तिरप्या कोनात स्लॉटात पूर्ण सरकवावी. पिनांची सोनेरी रेघ जवळजवळ दिसेनाशी झाली की ती बसली असे समजावे. सोडल्यावर ती तशीच तिरपी उभी राहते आणि येथेच नवशिके दचकतात. ती हळूच खाली दाबून स्क्रू हलक्या हाताने लावावा. स्क्रू इतका छोटा असतो की शर्टाच्या बटणाएवढीही पकड मिळत नाही, म्हणून खाली पांढरा कागद पसरून ठेवावा.

यूएसबी: नावांचा गोंधळ आणि वेळेचा हिशेब

यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट आहे. २००८ मध्ये आलेल्या ३.० चा वेग ५ गिगाबिट आहे, पुढे तो १० आणि २० गिगाबिट झाला आणि यूएसबी४ च्या पहिल्या आवृत्तीत ४० गिगाबिटपर्यंत गेला. मधल्या काळात नावे इतक्या वेळा बदलली की खोक्यावरच्या ३.१ किंवा ३.२ या आकड्यावरून काहीच कळत नाही. म्हणून गिगाबिटचा आकडा कुठे छापला आहे तेवढाच शोधावा, बाकीचे सोडून द्यावे.

वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे रात्रभराचे चित्रीकरण २०० गिगाबाइट झाले असे समजा. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ मेगाबाइट मिळाले तर ते उतरायला दीड तासाहून अधिक वेळ लागेल. तेच यूएसबी ३.० वरच्या फिरत्या हार्ड डिस्कवर १२० मेगाबाइटच्या वेगाने अर्ध्या तासाच्या आत होईल, आणि चांगल्या एसएसडीवर ४०० मेगाबाइट मिळाले तर साडेआठ मिनिटे पुरतील. डिस्क तीच, संगणकही तोच, आणि तरीही दीड तास की अर्धा तास हा फरक एका केबलमुळे पडू शकतो.

टाइप ए, म्हणजे नेहमीच्या चपट्या आयताकृती, तोंडाच्या आतली जीभ निळी असेल तर पोर्ट बहुधा ३.० चे असते. आत पुढे चार पिना आणि मागे आणखी पाच असतात. तोंड फार सावकाश घातले तर पुढच्या चार पिना आधी टेकतात आणि संगणक त्या डिस्कला २.० समजून बसतो. वेग संशयास्पद वाटला तर डिस्क सुरक्षितपणे बंद करून काढावी आणि एका दमात नीट आत घालावी. बाहेरच्या हार्ड डिस्कला असणारे रुंद, दोन भागांचे चपटे तोंड हे मायक्रो बीचे ३.० रूप आहे. त्याच्या मोठ्या भागात मोबाइलची जुनी मायक्रो यूएसबी केबलही बसते आणि डिस्क चालतेही, पण २.० च्या वेगाने. हे तोंड नाजूक असते. डिस्क केबलला लोंबकळत ठेवली तर पोर्टाचे टाके सुटतात. काही डिस्कमध्ये यूएसबीचे पोर्ट आतल्या सर्किट बोर्डावरच असते, साटाचे तोंड मुळी नसतेच, त्यामुळे तिथले टाके सुटले तर डिस्क काढून दुसरीकडे लावायची वाटही बंद होते.

टाइप सी हा केवळ आकार आहे, वेग नव्हे. मोबाइलसोबत आलेली टाइप सी केबल बहुतेक वेळा जास्त विजेसाठी बनवलेली असते आणि माहितीसाठी तिच्यात २.० च्याच तारा असतात. तिने एसएसडी जोडून ‘महागडी एसएसडी मंद निघाली’ अशी तक्रार करू नये. वेगवान केबली जाड आणि आखूड असतात. २.० साठी पाच मीटरपर्यंत चालते, ३.० साठी तीन मीटरपुढे जाऊ नये, आणि त्याहून वेगवान जोडणीला एक मीटरच्या आतली केबल घ्यावी. थंडरबोल्ट या वेगळ्या वेगवान जोडणीचे तोंडही टाइप सीच असते, परंतु केवळ थंडरबोल्टवर चालणारी डिस्क साध्या यूएसबी पोर्टावर दिसत नाही. पोर्टाशेजारी विजेच्या बाणाची खूण आहे का ते पाहावे.

एक गंमत सांगून ठेवतो. यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो, आणि बिनतारी माउसही त्याच पट्ट्यात चालतो. डिस्क लावली की माउस अडखळत असेल, तर माउस बदलण्याआधी त्याचा रिसीव्हर डिस्कपासून दूरच्या पोर्टात लावून पाहावा.

अडॅप्टर, अर्थिंग आणि पावसाळा

साडेतीन इंची बाहेरच्या डिस्कला स्वतंत्र १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. त्याचे गोल तोंड लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या काही अडॅप्टरसारखेच असते, आणि ही चूक मी स्वतः केली आहे. रात्री अकरा वाजता टेबलाखाली हात घालून मिळेल ते तोंड डिस्कला लावले, हलकासा ‘चट्’ आवाज झाला आणि जळका वास आला. कन्व्हर्टरचा बोर्ड तर गेलाच. डिस्कच्या बोर्डावर जादा व्होल्टेज अंगावर घेणारा एक डायोड असतो, तो शॉर्ट झाला होता. सोल्डरिंग येणाऱ्या मित्राने तो काढून टाकल्यावर डिस्क फिरली आणि माहिती मिळाली. मात्र अशी डिस्क संरक्षणाविना चालत असते, तिच्यातून माहिती काढून घेऊन ती निवृत्तच करावी. तेव्हापासून प्रत्येक अडॅप्टरच्या तोंडाजवळ मी कागदी पट्टीवर व्होल्ट लिहून चिकटवतो.

जुन्या गल्ल्यांतल्या घरांत अर्थिंग नावालाच असते. तसे असेल तर कॅबिनेटच्या धातूवर एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून येणारी थोडी वीज साचते आणि हात लावल्यावर मुंग्या येतात. प्रवाह कमी असला तरी वेगळ्या सॉकेटवरचे दुसरे उपकरण यूएसबीने जोडताना ती ठिणगी पोर्टाला घातक ठरू शकते. संगणक, मॉनिटर आणि डिस्कचा अडॅप्टर एकाच तीन पिनांच्या बोर्डावर लावावेत आणि त्या बोर्डाचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

बेळगाव आणि खानापूरच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तशी ती पिनांवरही काम करते. डिस्क ‘कधी दिसते, कधी नाही’ असे होऊ लागले तर वीज पूर्ण बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात आणि तोंड दोनतीनदा काढून घालावे. वारंवार काढघाल मात्र टाळावी, कारण कॅबिनेटमधली साटाची तोंडे सुमारे पन्नास वेळा काढण्याघालण्याच्या हिशेबानेच बनवलेली असतात.

दोष केबलचा की डिस्कचा

यासाठी अंदाज बांधायची गरज नाही, डिस्क स्वतःच नोंद ठेवते. क्रिस्टल डिस्क इन्फोसारख्या मोफत प्रोग्राममध्ये स्मार्ट नोंदींची यादी उघडावी. तिच्यातली सी७, म्हणजे १९९ क्रमांकाची, सीआरसी चुकांची नोंद ही डिस्कच्या साटा वाटेवर बिघडलेल्या माहितीची मोजणी असते. तो आकडा लिहून ठेवावा, साटा केबल बदलावी, वीसएक गिगाबाइट फाइली उतरवाव्यात आणि आकडा पुन्हा पाहावा. तो वाढला नाही तर दोष केबलचा होता. जुना आकडा शून्यावर येत नाही, म्हणून तो तसाच दिसतो याची भीती बाळगू नये. याउलट ०५, सी५ किंवा सी६ या नोंदी वाढत असतील तर तबकडीचेच भाग निकामी होत आहेत. तेव्हा केबली बदलत बसण्यापेक्षा महत्त्वाच्या फाइली आधी बाहेर काढाव्यात.

डिस्क फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नसेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहावी. तेथे ती दिसत असेल आणि विंडोज ‘इनिशिअलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ करू का असे विचारत असेल, तर कोरी नवी डिस्क असल्याशिवाय ‘हो’ म्हणू नये. नव्या, दोन टेराबाइटपेक्षा मोठ्या डिस्कला जागेच्या विभागणीची जीपीटी पद्धत निवडावी, कारण जुन्या एमबीआर पद्धतीत दोन टेराबाइटच्या पुढची जागा वापरता येत नाही.

खानापूरच्या त्या गृहस्थांना मी ती वीतभर केबल देऊन टाकली. त्यांची बारीक केबल माझ्याकडे कुंद्याच्या रिकाम्या डब्यात पडून आहे, तिच्यावर ‘फक्त चार्जिंग’ अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे.